मौनाचे पाठभेद

तालुक्याच्या गावी, एका महाविद्यालयात तीस वर्षे साहित्यसिद्धान्त शिकविणारे एक अध्यापक ‘लेखकाचा मृत्यू’ ही संकल्पना समजावून देताना वर्गात टेपरेकॉर्डर घेऊन जात. रोलां बार्तचा हा निबंध १९६७ साली प्रथम इंग्रजीत आणि पुढल्या वर्षी फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला, एवढे सांगून ते एकच गाणे दोनदा ऐकवीत. पहिल्या वेळी दोन आवाज आणि त्यांना गिटारची साधी साथ. दुसऱ्या वेळी तेच आवाज, तेच शब्द, श्वास घेण्याच्या जागाही त्याच. मात्र त्याखाली विजेवरची गिटार, बेस आणि ड्रम. विद्यार्थी एकमेकांकडे पाहत. “यातला मूळ पाठ कोणता?” असा प्रश्न अध्यापक विचारीत आणि उत्तराची वाट न पाहता गोष्ट सांगू लागत.

गोष्ट पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल या न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढलेल्या दोन शाळासोबत्यांची. त्यांची पहिली तबकडी ‘वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए.एम.’ ऑक्टोबर १९६४ मध्ये कोलंबिया कंपनीने काढली. लोकपरंपरेत काही नवे घडत असल्याची ग्वाही तिच्या वेष्टनावर होती. ग्राहकांना ती पटली नाही. तबकडी पडून राहिली. सायमन इंग्लंडला गेला आणि तिथल्या लोकगीतांच्या क्लबांतून एकटा गाऊ लागला. गारफंकल न्यूयॉर्कमध्ये विद्यापीठीय शिक्षणाकडे वळला. जोडी जवळजवळ मोडलीच होती. दरम्यान त्या तबकडीवरील ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ हे गाणे बॉस्टनच्या नभोवाणीवरून वाजू लागले आणि महाविद्यालयीन तरुण ते पुन्हा मागू लागले. त्याच सुमारास ‘बर्ड्‌स’ या वाद्यवृंदाने बॉब डिलनचे एक गाणे विजेच्या गिटारवर वाजवून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले होते. तबकडीचा निर्माता टॉम विल्सन याने हा वारा ओळखला. डिलनच्या एका जुन्या ध्वनिमुद्रणावर नवी वाद्ये चढविण्याचा प्रयोग त्याने डिसेंबर १९६४ मध्ये करून पाहिलाच होता. जून १९६५ मध्ये त्याने सायमन-गारफंकलची जुनी फीत काढली, वादक बोलावले आणि तिच्यावर नवा थर चढविला. मूळ गायनाची लय काटेकोर नव्हती. तिच्यामागून जाताना वादकांना कसरत करावी लागली. गायकांना मात्र कोणी विचारले नाही.

सप्टेंबर १९६५ मध्ये हे नवे रूप बाजारात आले आणि १ जानेवारी १९६६ रोजी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. बदललेले गाणे प्रथम ऐकले तेव्हा सायमनला धक्का बसला. पण यशाने जोडी पुन्हा एकत्र आणली होती. गाण्यामागे एक तबकडी उभी करणे निकडीचे झाले. विल्सन तोवर कोलंबियातून बाहेर पडला होता. बॉब जॉन्स्टन या नव्या निर्मात्याने बहुतेक गाणी डिसेंबर १९६५ मध्ये घाईने ध्वनिमुद्रित करून घेतली आणि १७ जानेवारी १९६६ रोजी ‘साउंड्स ऑफ सायलेन्स’ ही दुसरी तबकडी प्रसिद्ध झाली.

वर्गातली गोष्ट इथे संपे. बार्तने पॅरिसमध्ये जे लिहिले ते न्यूयॉर्कच्या एका ध्वनिमुद्रणगृहात दोन वर्षे आधीच घडून गेले होते. लेखक यूरोपात हयात होता आणि संहिता त्याच्यावाचून चालू लागली होती, असा समारोप अध्यापक करीत. विद्यार्थी हसत. अध्यापकही हसत. दरवर्षी हा तास चांगला होई.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र आले. ती आता स्वतः अध्यापन करीत होती. १९७९ साली अध्यापकांनी आपल्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्यांची एक छोटी पुस्तिका काढली होती. तिची नवी आवृत्ती काढावी, असे तिच्या विभागाने ठरविले होते. पत्राच्या शेवटी एक साधी विनंती होती : “सर, तेव्हाची टिपणवही असेल तर कृपया पाहायला द्यावी. पाठ ताडून घेता येतील.”

पत्र दोन आठवडे टेबलावर उघडे पडून राहिले. वही होती, तीच अडचण होती. पुस्तिकेच्या प्रस्तावनेत ‘ओव्या जशाच्या तशा दिल्या आहेत’ असे वाक्य होते आणि ते खरे नव्हते. तरुण संपादकाने पुनरुक्ती गाळली होती, कुठे अक्षरे कमीअधिक करून चाल बसविली होती, दोन तुटक ओव्यांची एक केली होती. काही ओव्यांना तर त्याने स्वतःच्या शेवटच्या ओळी जोडल्या होत्या. त्यांतली एक ओळ पुढे दोन प्रबंधांत आणि एका लेखसंग्रहात ‘मौखिक परंपरेतील स्त्रीमनाचा अस्सल उद्‌गार’ म्हणून उद्‌धृत झाली. ती वाचताना अध्यापकांना प्रथम गंमत वाटली होती, मग अवघडल्यासारखे झाले होते, आणि शेवटी सवय झाली होती.

पुस्तिका छापून आली तेव्हा त्यांनी ती आईला ओसरीवर बसून वाचून दाखविली होती. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबविता तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, “चांगल्या हायती. पर कुणाच्या रं ह्या?” तो प्रश्न अध्यापकांनी पुढे अनेक वर्षे वर्गात सांगितला, मौखिक संहिता छापली गेली की गाणाऱ्यालाच ती परकी होते, या प्रमेयाचे उदाहरण म्हणून. आपण त्या ओव्यांत नेमके काय केले होते, हे मात्र त्यांनी कधी सांगितले नाही.

पत्राला उत्तर लिहिणे टाळण्याच्या त्या दिवसांत त्यांनी ती तबकडी पुन्हा ऐकली. आणि या वेळी पहिल्या गाण्यापाशी न थांबता सबंध ऐकली. अमेरिकेत निघालेल्या मूळ तबकडीवर अकरा गाणी आहेत आणि ती सारी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. इतकी वर्षे त्यांनी वर्गाला एकच गाणे ऐकविले होते. सिद्धान्ताला तेवढे पुरत होते.

उरलेल्या दहांत जे होते ते सिद्धान्ताला इतके सोयीचे नव्हते. त्यांतली काही गाणी सायमनने १९६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये केवळ स्वतःच्या आवाजात आणि गिटारवर मुद्रित केली होती. ‘द पॉल सायमन साँगबुक’ या नावाने ती इंग्लंडमध्ये प्रसिद्धही झाली होती. त्यांतलेच ‘आय ॲम अ रॉक’ हे गाणे आपल्याला कोणाचीही गरज नाही, असे बजावणाऱ्या माणसाचे आहे. लंडनमध्ये ते एकट्याने गायिले गेले. दुसऱ्या तबकडीवर त्याला गारफंकलचा आवाज आणि वाद्यमेळ यांची सोबत मिळाली आणि त्याच्या एकटेपणाच्या दाव्याला आतूनच तडा गेला. हा बदल स्वतः कवीने मान्य केलेला होता. पहिल्या गाण्यावर दुसऱ्याने न विचारता जे केले, तेच इथे त्याने आपल्याच गाण्यांवर केलेले दिसते. पहिल्या तबकडीचे शीर्षकगीतही असेच नव्याने अवतरले आहे. रात्री निजलेल्या प्रेयसीला सोडून निघणाऱ्या, चोरी करून बसलेल्या माणसाचे ते मंद गाणे ‘समव्हेअर दे कान्ट फाइंड मी’ या नावाने धावत्या लयीत येते. त्या लयीला आधार देणारी गिटारची सुरावट डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश वादकाच्या ‘अँजी’ या रचनेवरून घेतलेली आहे. लंडनच्या गिटारवादकांमध्ये ही रचना हातोहात फिरत होती. लक्षणीय बाब अशी की तबकडीवर लगेच पुढे ‘अँजी’ हीच रचना येते. सायमन ती शब्दांवाचून, एकट्या गिटारवर वाजवितो. उसने घेतलेले आणि ज्याच्याकडून घेतले त्याचे मूळ, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. ऐकणाऱ्याने फक्त पुढे ऐकत राहावयाचे.

‘रिचर्ड कोरी’ हे गाणे तर अध्यापकांना विशेष अस्वस्थ करून गेले. एडविन आर्लिंग्टन रॉबिन्सन या अमेरिकन कवीची ही कविता १८९७ मध्ये संग्रहात आली. तीत गावातली सामान्य माणसे एका श्रीमंत, सुसंस्कृत गृहस्थाकडे आदराने आणि हेव्याने पाहतात, आणि एका रात्री तो स्वतःला गोळी घालून घेतो. कविता तिथेच तुटते. सायमनने तीत पुष्कळ फेरफार केले. सामुदायिक ‘आम्ही’च्या जागी त्याने कोरीच्या कारखान्यात राबणारा एक कामगार आणला. त्याहून मोठा बदल असा की कोरीच्या आत्महत्येनंतरही गाणे थांबत नाही. आपण रिचर्ड कोरी असतो तर, ही कामगाराची इच्छा धृपदात पुन्हा येते. रॉबिन्सनच्या कवितेत मृत्यू हे उत्तर आहे. सायमनच्या गाण्यात ते कळूनही हेवा संपत नाही. कामगाराचे दैन्य इतके आहे की त्याला ते मरणही परवडण्यासारखे वाटत असावे. रॉबिन्सन १९३५ मध्येच निवर्तला होता. त्याला विचारण्याचा प्रश्न नव्हता. म्हणजे विल्सनने सायमनच्या गाण्यावर जे केले तेच सायमनने रॉबिन्सनच्या कवितेवर केले, आणि तेही त्याच तबकडीवर. ‘ब्लेस्ड’मध्ये येशूच्या पर्वतावरील प्रवचनातले धन्योद्‌गार उलटे केलेले आहेत. ‘एप्रिल कम शी विल’ची बैठक कोकिळेच्या येण्याजाण्याचे महिने सांगणाऱ्या जुन्या इंग्लिश बालगीतावर आहे, आणि ते कोणाचे हे सांगणारे कोणी उरलेले नाही. या तबकडीवर दुसऱ्याच्या संहितेला हात न लावलेली जागा शोधावीच लागते.

मग विल्सनचा दोष तो कोणता? बदलणे हा दोष असेल तर सारी तबकडी दोषी ठरते. लोकगीताच्या नावाने चालणारी कोणतीच परंपरा त्यातून सुटणार नाही. शिवाय विल्सनच्या कृतीला केवळ व्यापारी लुडबुड म्हणणे हेही न्यायाचे होणार नाही. तो हार्वर्डमध्ये शिकलेला कृष्णवर्णीय निर्माता होता. सेसिल टेलर आणि सन रा यांचे जाझ त्याने आधी लोकांपुढे आणले होते. या गाण्यात जे दडले होते ते त्याच्या कानाला ऐकू आले, इतके मान्य करावेच लागते. अध्यापकांना मनातून दुसरा पाठच अधिक आवडत आला होता आणि आता त्याचे कारण त्यांना उमगले. हे गाणे परस्परांपर्यंत न पोचणाऱ्या माणसांचे आहे. दुसऱ्या पाठात १९६४ चे दोन आवाज १९६५ च्या वाद्यांच्या मधोमध उभे आहेत आणि त्यांना त्या वाद्यांचा पत्ता नाही. ड्रम सुरू होतात तेव्हा गाणारे दचकत नाहीत, सरसावत नाहीत. ते त्यांना ऐकूच येत नाहीत. न विचारता केलेल्या कामामुळेच गाण्याचा आशय त्याच्या घडणीत उतरला आहे. गायक आणि वादक एकत्र बसून हे वाजविते तर गाणे कदाचित अधिक सुबक झाले असते; ही पोकळी मात्र त्यात राहिली नसती.

असे असूनही काही उरते, आणि तिथेच हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा न राहता नीतीचा होतो. ‘रिचर्ड कोरी’ ऐकणाऱ्याला मूळ कवितेकडे जाण्याची वाट नावातच मिळते. ‘अँजी’ची वाट पुढच्याच रचनेत आहे. तिथे सांधा दिसतो. पहिल्या गाण्यात तो दिसत नाही. पहिली तबकडी न ऐकलेल्या लाखोंना हे दोघे तरुण आणि ते वादक एकाच खोलीत होते, असेच वाटले असणार. डिलननेही जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात विजेची गिटार हाती घेतली आणि श्रोत्यांचा रोष ओढवून घेतला. पण तो त्याचा स्वतःचा निर्णय होता आणि त्याची किंमत त्यानेच दिली. सायमनच्या बाबतीत निर्णय दुसऱ्याचा आणि स्वाक्षरी त्याची, असे झाले. त्याने त्यावर पुढे कशा तऱ्हेने उत्तर दिले, हेही पाहण्यासारखे आहे. यश त्याने नाकारले नाही. पण १९६७ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये झालेल्या कार्यक्रमाचे जे ध्वनिमुद्रण २००२ मध्ये प्रसिद्ध झाले त्यात दोन आवाज आहेत आणि एक गिटार. देशभर गाजलेला पाठ बाजूला ठेवून, कोणाला काही न सांगता, तो आपल्या पाठाकडे परतलेला दिसतो.

दुखावलेला माणूस म्हणून सायमनकडे पाहणेही पुरेसे नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये आलेल्या तिसऱ्या तबकडीवर ‘स्कारबरो फेअर’ हे जुने इंग्लिश लोकगीत आहे. त्याची गिटारवरील बांधणी सायमनने लंडनमध्ये मार्टिन कार्थी या गायकाकडून ऐकून घेतली होती; तबकडीवर कार्थीचे नाव नव्हते. ज्याला वर्षभरापूर्वी कोणी विचारले नव्हते, त्याने दुसऱ्याचे नाव गाळले. गीत परंपरेचे, म्हणून ते कोणाचेच नाही, हा युक्तिवाद हाताशी होताच. कार्थीच्या मनातली ती अढी दीर्घकाळ टिकली. २००० साली लंडनच्या रंगमंचावर दोघांनी ते गीत एकत्र गायिले, तेव्हा चौतीस वर्षे उलटून गेली होती.

परंपरेचे, म्हणून कोणाचेच नाही. १९७९ मध्ये अध्यापकांनी हाच युक्तिवाद स्वतःपुढे केला होता. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. कोणाचा शब्द आहे हे तीच सांगते. जात्यावरच्या ओवीला तशी मुद्रा नसते. जिला नाव नाही तिच्यासाठी अनुमती कोणाची घ्यायची? लोकसाहित्याच्या कितीतरी संपादकांनी बोलून न दाखविता हेच गृहीत धरलेले आहे.

अखेर त्यांनी ट्रंकेतून वही काढली. पेन्सिलीची अक्षरे पुसट झाली होती, पण वाचता येत होती. ओव्या डाव्या बाजूला होत्या. उजवीकडच्या समासात, ते स्वतः पार विसरून गेले होते अशा, बारीक नोंदी होत्या. ओवी सांगून झाली की आई जे सहज बोलून जाई ते त्यांच्या तरुण हाताने उतरून घेतले होते. ‘सासूची’. ‘माहेरची, थोरल्या चुलतीकडून’. ‘शेजारणीची, ती गेल्यावर म्हणत नसे’. ‘ही माझी, धाकटा गेला तेव्हा’. छापताना हा समास संपादकाला अनावश्यक वाटला होता. ओवी अनामिक असते, हे त्याने पुस्तकांत वाचले होते. समोर बसलेली बाई प्रत्येक ओवी कोणाची ते सांगत होती, ही नोंद त्याने स्वतः करूनही त्याच्या लक्षात आले नव्हते. अनामिक म्हणजे निराधार नव्हे. नाममुद्रा नव्हती, कारण गरज नव्हती. कोणाकडून कोणाकडे आली ते गाणारीला ठाऊक होते आणि ते ठाऊक असणे हाच गाण्याचा हक्क होता. बाहेरच्याला ते दिसत नाही, म्हणून तो तिथे कोणी नाही असे समजतो.

आईचा प्रश्न आता त्यांना वेगळा ऐकू आला. मुद्रित संहितेपुढे गोंधळलेल्या निरक्षर स्त्रीचे ते उद्‌गार नव्हते. तिने आयुष्यभर प्रत्येक ओवीला जो प्रश्न विचारला होता तोच त्याही ओव्यांना विचारला, आणि उत्तराची वाट पाहिली. चांगल्या आहेत, हे तिने आधीच मान्य केले होते. बदलाबद्दल तिची तक्रारही नसावी. तिने स्वतः सासूच्या ओव्या कितीदा फिरविल्या असतील. तिला फक्त हे कोणाकडून आले ते हवे होते. मुलाने ते सांगितले नाही. तो हसला.

विद्यार्थिनीला त्यांनी उत्तर लिहिले. वही सोबत पाठविली. नव्या आवृत्तीत दोन्ही पाठ समोरासमोर छापावेत, १९७९ चा पाठ रद्द समजू नये, मात्र प्रस्तावनेतले ‘जशाच्या तशा’ हे शब्द चुकीचे असल्याचे संपादकाच्याच नावाने नमूद करावे, असे कळविले. ज्या प्रबंधांत ती ओळ उद्‌धृत झाली होती त्यांचाही उल्लेख त्यांनी केला. टीप देताना त्यांच्या कर्त्यांना दोष लागू नये, तो कोणाचा आहे ते स्पष्ट असावे. पत्र साधे होते आणि ते लिहायला तीन दिवस लागले.

वही बांधण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. स्वतः जोडलेल्या ओळी ज्या ज्या ओव्यांत गेल्या होत्या त्या त्यांनी वहीच्या कोऱ्या पानांवर छापील पाठाप्रमाणे उतरून काढल्या. शेवटी ती उद्‌धृत झालेली ओवी लिहिली, आणि उजवीकडच्या समासात, आईच्या नोंदी जिथे असत तिथे, पेन्सिलीने लिहिले : ‘मुलाची’.